खर्चाचा एकेक रकाना आपल्याकडे

सोयाबीन विकलं गेलं की पुण्यातल्या कॉटचं भाडं भरलं जातं. उसाचं बिल आलं की कॉलेजची उरलेली फी भरली जाते. लातूर, बीड, यवतमाळ, सांगलीकडून शहरात शिकायला आलेल्या कितीतरी मुलामुलींचा पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही, तो हंगामाला येतो. ऊस ताब्यात घेतल्यापासून १४ दिवसांत कारखान्याने पैसे चुकते करावेत, असं १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. थकलेल्या बिलांची ओरड तरीही दर हंगामात होतेच. डोंबिवलीतल्या नोकरदार घरात पगार वेळेवर येत असेल, पण घराचा हप्ता, धाकट्याचा क्लास आणि आजीची औषधं भागवून मागे किती उरतं, हे थोरल्यालाही ठाऊक असतं. मग विसाव्या वर्षाच्या आसपास एक दिवस ठरतं: आता घरून पैसे घ्यायचे नाहीत.

निश्चय चांगलाच, पण तो बहुधा एका झटक्यात अमलात आणला जातो आणि तिथेच घोळ होतो. आठ-नऊ तासांची नोकरी धरायची, कॉलेज सांभाळून घेऊ म्हणायचं, आणि दोन सत्रांत एटीकेटीची माळ गळ्यात पडायची. राहिलेल्या विषयांचे परीक्षा अर्ज, वाया गेलेलं वर्ष, त्या वर्षाचं खोलीभाडं असा सगळा खर्च शेवटी पुन्हा घरावरच येतो. ज्यांना हे जमतं, ती मुलं बहुतेक वेळा टप्प्याटप्प्याने जातात. आज मोबाइलचं रिचार्ज, सहा महिन्यांनी मेस, वर्षाने भाडं, असा खर्चाचा एकेक रकाना ती आपल्या नावावर करून घेतात.

आधी तासांचा हिशेब

पैशांच्या आधी वेळ मोजावा. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार एका शैक्षणिक वर्षात १२०० तासांचा अभ्यास आणि त्याचे ४० क्रेडिट धरलेले आहेत. तास, प्रात्यक्षिकं, घरचा अभ्यास, प्रकल्प हे सारं त्यात आलं. म्हणजे सत्राला ६०० तास. पंधरा आठवड्यांचं सत्र धरलं तर आठवड्याला ४० तास होतात. पूर्णवेळ पदवी कागदावर तरी पूर्णवेळ नोकरीएवढीच आहे.

आठवड्याचे एकूण तास १६८. रोज सात तास झोप धरली तर ४९ जातात. जेवणखाण, कपडे, प्रवास यांना रोज चार-साडेचार तास लागतात, म्हणजे आणखी तीसेक गेले. अभ्यासाचे ४० वजा केल्यावर पन्नासच्या आत काहीतरी उरतं, आणि त्यातच मित्रमंडळी, आजारपण, सणवार, जर्नल सबमिशनचा आठवडा बसवायचा असतो. परदेशांनी परदेशी विद्यार्थ्यांच्या कामावर घातलेल्या मर्यादाही या उरलेल्या तासांच्या निम्म्याच्या आसपास फिरतात. सत्र चालू असताना पदवीच्या विद्यार्थ्याला ब्रिटनमध्ये आठवड्याला २० तास, कॅनडात कॉलेजबाहेर २४ तास, तर ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं.

नियमित कॉलेज करणाऱ्याने म्हणून आठवड्याला १५ तासांपासून सुरुवात करावी आणि सत्र चालू असेपर्यंत २०च्या पुढे जाऊ नये. काम शोधताना येण्याजाण्याचा वेळही कामातच मोजावा. वसतिगृहाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातले दोन तास आणि लोकलने दीड तासावरच्या कॉल सेंटरमधले दोन तास सारखे नाहीत. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरीची अट आहे. ती मोडली तर परीक्षेचा अर्ज अडतो, तेव्हा कामाची पाळी ठरवण्याआधी कॉलेजचं वेळापत्रक हातात असावं.

वही आणि तिचे रकाने

आता पैसे. आकडे शहरागणिक आणि पेठेगणिक बदलतात, तरी रीत कळावी म्हणून पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थिनीचा एक नमुना घेऊ. कॉट ४५००, मेस ३५००, प्रवास ९००, रिचार्ज ३५०, झेरॉक्स आणि वह्या-पुस्तकं ५००, किरकोळ १२५०. महिन्याला एकूण ११,००० रुपये, कॉलेजची फी वेगळी.

आठवड्याला १५ तास, तासाला १०० रुपये मिळाले तर महिन्याचे सुमारे ६००० होतात. ही रक्कम सगळ्या खर्चावर थोडीथोडी पसरली की कुठलाच खर्च पूर्ण आपला होत नाही, घरी फोन करावाच लागतो, आणि नेमके किती मागायचे तेही कळत नाही. त्याऐवजी तिने मेस, प्रवास, रिचार्ज आणि झेरॉक्स हे चार रकाने पूर्णपणे स्वतःकडे घ्यावेत. त्यांची बेरीज ५२५० येते. उरलेले ७५० वेगळ्या खात्यात पडू द्यावेत. घरून फक्त भाडं आणि किरकोळ खर्चाचे पैसे येतील. आईवडिलांनाही त्यामुळे एक ठरलेला आकडा मिळतो, आणि हंगामावर चालणाऱ्या घराला तो फार उपयोगी पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पीक विकल्यावर पुढच्या सहा महिन्यांचं भाडं एकरकमी बाजूला काढता येतं.

कुठला रकाना आधी घ्यायचा? जो लहान आहे आणि दर महिन्याला येतो, तो आधी. खाडा झाला, काम सुटलं, तरी त्यातून रस्त्यावर यायची वेळ येत नाही. भाडं नंतर, कारण ते एक महिना चुकलं तरी मालक दारात येतो. फी सर्वांत शेवटी. फीसाठी शिष्यवृत्ती आणि कर्जाची सोय असते. मेसचं बिल कुठलीही बँक भरत नाही.

वेगळ्या खात्यातल्या ७५०ला हात लावायचा नाही. आपल्याकडे घेतलेल्या रकान्यांचा दोन महिन्यांचा खर्च, म्हणजे इथे साडेदहा हजार, साठेपर्यंत नवा रकाना घेऊ नये. दरमहा ७५०ने याला चौदा महिने लागतात. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जास्त तास काम केलं तर तेच निम्म्या वेळात होतं.

शिकता शिकता कमावण्याच्या जागा

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ला साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. तिथली मुलं स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामं स्वतः करत आणि शिकत. १९४७ला साताऱ्यातच निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र पदवीपर्यंत पोचलं. त्या व्यवस्थेचं मर्म असं, की काम आणि वर्ग एकाच आवारात होते आणि दोन्हींचं वेळापत्रक एकाच संस्थेच्या हातात होतं. परीक्षा आली की कामाची पाळी बदलायला कुणाच्या विनवण्या कराव्या लागत नसत.

कर्मवीरांच्याच नावाची ‘कमवा व शिका’ योजना आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि त्याच्या महाविद्यालयांत चालते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही असं काम मिळतं. ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, बाग अशा ठिकाणी तासावर मोबदला असतो. रक्कम मोठी नसते, पण जाण्यायेण्यात वेळ जात नाही आणि हजेरीला धक्का लागत नाही. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने इथूनच सुरुवात करावी. चौकशी कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्याकडे, प्रवेश झाल्याझाल्या करावी, कारण जागा मोजक्या असतात.

दुसरी वाट, ज्या अभ्यासक्रमात कमाई बांधलेलीच आहे असा अभ्यासक्रम निवडण्याची. सीएच्या विद्यार्थ्याला आर्टिकलशिपमध्ये विद्यावेतन मिळतं. २०२३च्या नव्या योजनेत तिचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१चा आहे. २०१९च्या दुरुस्तीने त्याखालचं किमान मासिक विद्यावेतन शिक्षणानुसार ५००० ते ९००० रुपये ठरवलं, पुढे ते वाढवण्याची शिफारसही झाली. म्हणून करार करताना चालू दर विचारून घ्यावा. शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कर्मचारी नसतो, त्याचा पीएफ कापला जात नाही. तरी आयटीआय किंवा पदविका झालेल्याला कारखान्यातलं ते एक वर्ष पुढच्या नोकरीत मोजून मिळतं.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ला सुरू झाली तेव्हा बारावी झालेल्यांना ६०००, आयटीआय-पदविकाधारकांना ८००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन जाहीर झालं. मात्र ज्यांचं शिक्षण चालू आहे त्यांच्यासाठी ती नाही. कॉलेजात नाव असताना तिच्यावर हिशेब बांधू नये.

तिसरी वाट उलट्या दिशेची: नोकरी मुख्य, शिक्षण तिच्या सवडीने. घरची गरजच तशी असेल तर नियमित कॉलेजच्या वर्गात गैरहजर राहून तीन वर्षं ओढण्यापेक्षा ही वाट सरळ आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९पासून आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५पासून याच वर्गासाठी आहे. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी सरकारी नोकरीच्या अर्जाला चालते. एप्रिल २०२२पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या करायलाही परवानगी दिली आहे, त्यामुळे नियमित बीए करणारा मुलगा सोबत दूरशिक्षणातून दुसरा अभ्यासक्रम घेऊ शकतो. ४० तासांचा हिशेब इथेही लागू आहे, हे अर्ज भरताना आठवावं.

न मागितल्याने बुडणारा पैसा

घरून पैसे नकोत म्हणणारी कितीतरी मुलं शासनाकडून मिळणारे पैसेही मागत नाहीत. महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून भोजन, निवास आणि निर्वाहासाठी मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आधारशी जोडलेलं बँक खातं ही तयारी निकाल लागायच्या आधीच तहसीलच्या सेतू केंद्रात आणि बँकेत करून ठेवली, तर ऐन वेळची धावपळ वाचते.

प्रवासाचंही तसंच. एसटीच्या विद्यार्थी पासला दोन तृतीयांश सवलत आहे, महिलांना मार्च २०२३पासून तिकिटातच निम्मी सूट आहे, लोकलच्या विद्यार्थी पासावरही सवलत मिळते. कॉलेजच्या शिक्क्याचा अर्ज आणण्याचा कंटाळा वर्षभरात काही हजारांना पडतो.

पगाराचा कागद वाचताना

पहिली नोकरी लागली की घरी आकडा सांगितला जातो तो सीटीसीचा, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचा, आणि तिथेच सगळ्यांचे हिशेब चुकतात. सीटीसी तीन लाख, म्हणजे महिन्याला २५,००० असं सगळे धरतात. मूळ पगार १५,००० असेल तर कंपनीचा पीएफ हिस्सा १८०० आणि ग्रॅच्युइटीचे सातशेच्या वर याच २५,०००मधून जातात. मग स्वतःचा पीएफ १८०० आणि व्यवसाय कर २०० कापून मुलाच्या हातात साडेवीस हजारांच्या आसपास येतात. महिलांना दरमहा २५,०००पर्यंत व्यवसाय कर माफ आहे. कामगिरीवर मिळणारा भाग सीटीसीत मिसळलेला असेल तर आकडा आणखी खाली येतो. खर्चाचे रकाने या खालच्या आकड्यावर आखावेत.

नेमणूकपत्र हाती आल्याशिवाय कामावर जाऊ नये. मूळ गुणपत्रिका आणि दाखले कंपनीकडे ठेवायला देऊ नयेत, फक्त दाखवावेत आणि प्रती द्याव्यात. ‘ट्रेनिंग डिपॉझिट’ किंवा ‘रजिस्ट्रेशन’च्या नावाखाली आधी पैसे मागणारी नोकरी ही फसवणूक समजून सोडून द्यावी. पीएफचा यूएएन क्रमांक आयुष्यभर एकच असतो. नोकरी बदलताना पैसे काढून न घेता खातं पुढे न्यावं.

सुटं काम करणाऱ्यांच्या, म्हणजे डिझाइन, भाषांतर, शिकवण्या घेणाऱ्यांच्या पैशातून कधी कधी टीडीएस कापला जातो. नव्या करप्रणालीत २०२५-२६पासून १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही, त्यामुळे कापलेली रक्कम विवरणपत्र भरून परत मिळवता येते. विवरणपत्र न भरल्याने हे पैसे तसेच राहतात. पुढे घराच्या किंवा शिक्षणाच्या कर्जासाठी बँक उत्पन्नाचा पुरावा मागते, तेव्हाही हीच विवरणपत्रं कामाला येतात.

खोली भाड्याने घेताना भाडेकरार नोंदवलेला हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ ती जबाबदारी घरमालकावर टाकतो, आणि नोंदणी ऑनलाइन होते. डिपॉझिट किती दिलं, किती दिवसांत परत मिळेल, रंगरंगोटीचे कापणार का, हे करारात लिहून घ्यावं. चार रूम पार्टनर असतील तर चौघांचीही नावं त्यात असावीत.

कर्ज कुणाचं आणि कोण फेडणार

शैक्षणिक कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर असतं, आईवडील सहकर्जदार असतात. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारी हमी योजनेखाली तारण लागत नाही. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, पण व्याज साठत जातं, हे अनेक घरांत फेड सुरू झाल्यावरच कळतं. चार लाखांवर दहा टक्क्यांनी वर्षाचं सरळव्याज ४०,००० होतं, म्हणजे महिन्याला ३३००च्या आसपास. अर्धवेळ कामातून एवढी रक्कम निघत असेल तर शिकत असतानाच व्याज भरत जावं. काही बँका त्यासाठी व्याजदरात एक टक्का सूटही देतात. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या, निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांना २०२४च्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर अभ्यासक्रमाच्या आणि त्यानंतरच्या एका वर्षाच्या व्याजात तीन टक्के सवलत आहे.

मोबाइलवर पाच मिनिटांत मिळणाऱ्या कर्जाची जात वेगळी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्ज थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवं आणि सगळा खर्च लिहून द्यायला हवा. हे न करणारं, फोनमधले संपर्क आणि फोटो उघडायला सांगणारं ॲप लगेच काढून टाकावं. क्रेडिट कार्डावर ‘किमान रक्कम’ भरून बाकी पुढे ढकलली तर वर्षाला ३६ ते ४२ टक्के व्याज लागू शकतं.

अभ्यासिकेतली वर्षं

सदाशिव पेठ आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांत हा प्रश्न जास्त टोकदार होतो. राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांची ४३. केंद्रीय लोकसेवा आयोगात खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षांपर्यंत सहा प्रयत्न मिळतात. मर्यादा इतकी लांब असल्यामुळे ‘अजून एक प्रयत्न’ म्हणायला जागा राहते, आणि क्लास, अभ्यासिका, मेस, कॉट हे चारही रकाने तिशीपर्यंत घरच्याच वहीत राहतात.

तयारी सुरू करतानाच दोन गोष्टी लिहून काढाव्यात. घरच्या पैशावर किती प्रयत्न, हा आकडा. आणि तेवढ्यात यश आलं नाही तर कोणतं काम करत पुढचे प्रयत्न द्यायचे, त्या कामाचं नाव. बँक, तलाठी, पोलीस भरती, शिकवण्या, पदवीच्या विषयातली खासगी नोकरी, काहीही चालेल, पण त्याची पात्रता तयारीच्या काळातच मिळवलेली असावी. टंकलेखन, एमएससीआयटी किंवा लेखापालनाचा अभ्यासक्रम यांना रोजचा एक-दीड तास पुरतो.

घरी बोलताना

ही सगळी आखणी घरी सांगितली पाहिजे, आणि फोनवर नाही तर दिवाळीच्या सुट्टीत समोर बसून. ‘आता तुमचे पैसे नकोत’ हे वाक्य वडिलांना टोचतं. ‘जानेवारीपासून मेसचं मी बघतो, भाड्याचं तुम्ही बघा’ हे त्यांना समजतं आणि बरं वाटतं. घरावर कर्ज किती, शेतीचं पीककर्ज कधी भरायचं, बहिणीच्या लग्नाचं काय ठरलंय, हेही त्याच बैठकीत विचारावं. मुलींच्या बाबतीत पैशांचा प्रश्न स्थळांच्या प्रश्नाला जोडून येतो. दोन वर्षांत कोणतं शिक्षण पूर्ण होणार आणि त्यानंतर पगार किती, हे कागदावर मांडलं तर मामा-काकांसमोर आईलाही तिची बाजू घेता येते.

पूर्ण पगार सुरू झाल्यावर घरी किती पाठवायचे, याचाही आकडा ठरवून ठेवावा; नाहीतर दर महिन्याला नव्याने मागणं आणि नव्याने नाराजी. रोख पाठवण्याआधी आईवडिलांच्या आजारपणाची सोय पाहावी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, ७० वर्षांवरच्या सर्वांना ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान कार्ड मिळतं. आजी-आजोबांचं ते निघालंय का, आधार आणि रेशनकार्डावरची नावं जुळतात का, हे पुढच्या सुट्टीत गावी जाऊन तपासता येतं. आईवडिलांसाठी खासगी आरोग्य विमा घ्यायचा तर तो त्यांच्या पन्नाशीतच घ्यावा, कारण आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ असतो आणि साठीनंतर हप्ता झपाट्याने चढतो. कमावत्या मुलाने घरच्या वहीतून आपल्याकडे घेण्याजोगा पहिला रकाना हाच.